तीन महिन्यांच्या पिचरची किंमत

शिकागोजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलै २०१६ मध्ये शिकागो कब्स या बेसबॉल संघाने न्यूयॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन हा क्लोजर, म्हणजे सामन्याच्या शेवटी येणारा पिचर (गोलंदाज), घेतला आणि त्याच्या बदल्यात ग्लेबर टोरेससह चार खेळाडू दिले. चॅपमन डिसेंबरात पुन्हा यांकीजकडे निघून गेला, टोरेसने मात्र २०१९ मध्ये ३८ होमरन (कुंपणापलीकडचे फटके) मारले. मग हा सौदा तोट्याचाच नव्हे काय, आणि हंगामाच्या शेवटी दोन-तीन महिन्यांपुरत्या आणलेल्या पिचरसाठी मायनर लीगमधली (मेजर लीगच्या खालच्या संघांतली) किती मुले द्यावीत, हे संघ ठरवतात तरी कसे?

कब्सचा तोटा झाला खरा, पण तुम्ही बोट ठेवले आहे त्या सौद्यात नव्हे. तो झाला त्याच्या पुढच्या वर्षी, ३१ जुलै २०१७ च्या सौद्यात, आणि त्याची आठवण फारसे कोणी काढत नाही. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

मी चौदा वर्षे एका मेजर लीग क्लबच्या खेळाडू-मूल्यमापन विभागात काम केले. क्लबचे नाव सांगत नाही, कारण पुढे माझ्याच हातून झालेल्या एका चुकीचा उल्लेख येणार आहे. पहिली काही वर्षे कार्यालयात आकडे जुळवण्यात गेली. नंतर दर उन्हाळ्यात गावोगावच्या मैदानांवर होम प्लेटच्या मागच्या खुर्च्यांत रडार गन, स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसण्याचे काम आले. त्यामुळे सौद्याच्या दोन्ही बाजू, म्हणजे वरच्या मजल्यावरची घासाघीस आणि खालच्या मैदानावरची मुले, मी जवळून पाहिल्या आहेत.

आधी बुलपेनविषयी, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या पिचरांच्या ताफ्याविषयी. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या डोळ्याला एक गोष्ट लवकर लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये कर्णधार आपला सर्वोत्तम गोलंदाज चार षटके टाकून बाजूला ठेवू शकतो आणि शेवटी परत आणू शकतो. बेसबॉलमध्ये एकदा सामन्यातून काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे सुरुवातीचा पिचर थकला की सामन्याच्या नऊ इनिंगांपैकी पुढच्या कोणी, कोणत्या क्रमाने टाकायच्या हे मॅनेजरला एकेक पान टाकावे तसे ठरवावे लागते, आणि हातातली पाने कमी असतील तर सातव्या इनिंगमध्येच डाव उघडा पडतो. नियमित हंगामात १६२ सामने असतात. संघाच्या साधारण साडेचौदाशे इनिंगांपैकी चांगला क्लोजर साठ-सत्तर टाकतो, म्हणजे जेमतेम बाविसावा हिस्सा. एवढ्या छोट्या वाट्यासाठी कोणीही शहाणा माणूस उद्याचा शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक) देणार नाही.

ऑक्टोबरात, विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, मात्र हे गणित बदलते. सामन्यांच्या मध्ये सुटीचे दिवस येतात, उद्यासाठी हात राखून ठेवण्याची गरज उरत नाही, आणि मॅनेजर आपल्या उत्तम रिलीव्हरला, म्हणजे बुलपेनमधल्या पिचरला, सहाव्या-सातव्या इनिंगपासूनच बोलावू लागतो. २०१६ मध्ये क्लीव्हलँडने पोस्टसीझनचे, म्हणजे या फेऱ्यांचे, पंधरा सामने खेळले. त्यांतल्या दहा सामन्यांत अँड्र्यू मिलरने १९ इनिंग आणि वर एक फलंदाज एवढी पिचिंग केली आणि ३० फलंदाज स्ट्राइकआउट केले. संघाच्या एकूण इनिंगांचा हा जवळजवळ सातवा हिस्सा झाला, आणि तोही सामना ज्या क्षणी इकडचा तिकडे होऊ शकतो अशा क्षणांतला. म्हणून जुलैअखेर रिलीव्हरला जो भाव येतो तो ऑगस्ट-सप्टेंबरसाठी नसतो. तो ऑक्टोबरातल्या पंधरा-वीस इनिंगांसाठी असतो, आणि त्या इनिंग खेळायला मिळतील की नाही हे सौद्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

आता दुसऱ्या पारड्यात काय असते ते पाहू. बाहेरच्या माणसाला वाटते की एका खेळाडूच्या बदल्यात दुसरा खेळाडू दिला. प्रत्यक्षात दिली जातात ती वर्षे. मेजर लीगमध्ये १७२ दिवस नोंदले गेले की सेवेचे एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षे पुरी झाल्याशिवाय खेळाडूला खुल्या बाजारात जाता येत नाही. त्यांतली पहिली तीन वर्षे बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपास पगार मिळतो (२०१६ मध्ये ते ५,०७,५०० डॉलर होते), आणि पुढची तीन लवादाच्या दराने जातात. याचा अर्थ चांगला निघालेला होतकरू खेळाडू म्हणजे सहा वर्षे बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळणारे काम. टोरेसच्या बाबतीत यांकीजनी याहून थोडे अधिक पदरात पाडून घेतले. त्याला २२ एप्रिल २०१८ रोजी वर आणल्यामुळे त्या पहिल्या हंगामाचे १७२ दिवस भरलेच नाहीत आणि सहाच्या जागी सात हंगाम, म्हणजे थेट २०२४ पर्यंत, तो त्यांच्या ताब्यात राहिला. असे दिवस मोजणे नियमबाह्य नाही, पण खेळाडूंच्या संघटनेला ते का टोचते हे समजायला फार बुद्धी लागत नाही.

चॅपमनचा करार २०१६ च्या हंगामाबरोबर संपत होता. अशा खेळाडूला आमच्या धंद्यात सरळ भाड्याचा खेळाडू म्हणतात. त्यात आणखी एक मेख होती. हंगामाच्या मध्यात आणलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे ठरलेल्या पगाराचा एका वर्षाचा प्रस्ताव, देता येत नाही, आणि ती देता आली नाही की तो सोडून गेल्यावर भरपाई म्हणून मिळणारी ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या निवडीतली) जागाही मिळत नाही. म्हणजे तो गेला की मागे काहीच उरणार नाही, हे कब्सला पहिल्या दिवसापासून पक्के ठाऊक होते.

मग त्यांनी दिले तरी काय? टोरेस, बिली मॅकिनी आणि रशाद क्रॉफर्ड हे मायनर लीगमधले तिघे, आणि चौथा अॅडम वॉरन हा मेजर लीगमधला पिचर. खरी किंमत टोरेसची होती. बाकीचे तिघे म्हणजे भाजीबरोबर घातलेली कोथिंबीर. टोरेसला कब्सने २०१३ मध्ये व्हेनेझुएलातून सतरा लाख डॉलर देऊन घेतले होते. सौद्याच्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता आणि मर्टल बीचच्या संघात, म्हणजे हाय-ए पातळीवर खेळत होता. वर चढायला त्याला अजून डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा दोन पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांच्या वर, शिकागोच्या मैदानात, बावीस वर्षांचा अॅडिसन रसेल शॉर्टस्टॉपवर उभा होता आणि तेवीस वर्षांचा हाविएर बाएझ सेकंड बेसवर त्याच्या शेजारी.

याला मी रांग म्हणतो. मायनर लीगमधल्या मुलाची गुणवत्ता एक गोष्ट असते आणि त्याच्या पुढे कितीजण उभे आहेत ही दुसरी. रांग लांब असेल तर उत्तम मुलगासुद्धा आपल्या संघाला लवकर उपयोगी पडत नाही, आणि घड्याळ मात्र चालूच राहते. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्या मुलाला पाच हंगामांनंतर क्लबच्या चाळीस जणांच्या मुख्य यादीत घ्यावे लागते, नाहीतर हिवाळ्यात रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला उचलू शकतो. त्या यादीतल्या चाळीस जागांसाठी दर नोव्हेंबरात जी ओढाताण चालते ती पाहिली म्हणजे भरलेल्या गोठ्याचीही चिंता असते हे पटते. त्यामुळे ज्या जागी आपल्याकडे दोन तरुण आधीच उभे आहेत त्या जागेवरचा तिसरा देऊन टाकणे हे हातचे सोडून पळत्यामागे धावणे नव्हे. तो व्यवहार आहे.

पण इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या फरकातच आहे. रांग पाहून कोणाला देता येईल ते ठरते. त्याच्या बदल्यात काय मागायचे हे रांगेवरून ठरत नाही. आपल्याला नको असलेल्या वस्तूची बाजारातली किंमत, आपल्याला ती नको आहे म्हणून उतरत नसते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की काय होते त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण बोस्टनचे आहे.

३० ऑगस्ट १९९० रोजी बोस्टन रेड सॉक्सने ह्यूस्टन अॅस्ट्रोजकडून लॅरी अँडरसन हा ३७ वर्षांचा रिलीव्हर घेतला आणि जेफ बॅगवेल नावाचा थर्ड बेसचा मुलगा दिला. त्या काळी जुलैनंतरही वेव्हरच्या मार्गाने, म्हणजे आधी इतर संघांना त्या खेळाडूवर हक्क सांगण्याची संधी देऊन, ऑगस्टअखेरपर्यंत असे सौदे होत असत. २०१९ पासून ती वाट बंद झाली. बॅगवेल कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या डबल-ए संघात खेळत होता. बोस्टनच्या थर्ड बेसवर वेड बॉग्ज होता, खाली पॉटकेटमध्ये स्कॉट कूपर तयार होत होता आणि फर्स्ट बेससाठी मो व्हॉन वाट पाहत होता. रांग खरोखरच लांब होती, त्याबद्दल जनरल मॅनेजर लू गॉर्मन यांना दोष देता येणार नाही. बॅगवेलची सरासरी .३३३ होती, पण अख्ख्या हंगामात होमरन फक्त चार. त्या चार होमरनवर कागदोपत्री त्याची किंमत ठरली असावी असे मला वाटते. न्यू ब्रिटनचे ते मैदान फलंदाजांना फार जड जाणारे होते, ईस्टर्न लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली होती, आणि कुंपणाच्या आत पडणारे त्याचे डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके) मोजले असते तर चित्र वेगळे दिसले असते.

अँडरसनने बोस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या आणि उत्तम टाकल्या. त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगांमागे दिलेल्या धावांची सरासरी, १.२३ होता. रेड सॉक्सने विभाग जिंकला, पुढच्या फेरीत ओकलंडने त्यांना चार सामन्यांत सरळ घरी पाठवले आणि हिवाळ्यात, खेळाडूंचे पगार दाबण्यासाठी मालकांनी केलेल्या संगनमताबद्दलच्या निवाड्यामुळे, अँडरसन मोकळा होऊन सॅन डिएगोला गेला. बॅगवेलला ह्यूस्टनने फर्स्ट बेसवर उभे केले. १९९१ मध्ये तो रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, १९९४ मध्ये नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला, त्याने ४४९ होमरन मारले आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. बॅगवेलला देणे ही बोस्टनची चूक नव्हती. त्याला देऊन फक्त अँडरसन घेणे ही चूक होती. बुलपेनची गरज आणि रांगेतली गर्दी या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्यांनी मुलाचे मोजमाप अर्ध्यावर सोडले.

मोजमाप म्हणजे काय करतात हेही सांगितले पाहिजे, कारण हल्ली लोकांना वाटते की ते सारे संगणक करतो. डबल-एच्या मैदानावर आम्ही सामन्याच्या दोन तास आधी पोहोचत असू. फलंदाजांचा सराव चालू असताना चेंडू किती लांब जातो यापेक्षा बॅटवर आदळल्याचा आवाज दरवेळी एकसारखा येतो का, याकडे माझे लक्ष असे. सामना सुरू झाला की फलंदाज होम प्लेटपासून फर्स्ट बेसला किती सेकंदांत पोहोचतो ते स्टॉपवॉचवर घ्यायचे. उजव्या हाताच्या फलंदाजाला ४.३ सेकंद म्हणजे साधारण सरासरी. दोन दशांश सेकंद इकडे-तिकडे झाले की मत बदलते. कॅचरच्या हातात चेंडू आल्यापासून तो सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंतचा वेळही असाच घ्यायचा. मग प्रत्येक गुणाला २० ते ८० अशा मापावर आकडा द्यायचा, ज्यात ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. एक आकडा आज काय आहे त्याचा, दुसरा पुढे काय होऊ शकेल त्याचा. सगळी जोखीम त्या दुसऱ्या आकड्यात असते.

माझी चूक याच दुसऱ्या आकड्याची होती. एका डावखुऱ्या पिचरला मी सलग दोन वर्षे भविष्यासाठी ४० लिहिले, कारण त्याचा चेंज-अप (फास्टबॉलच्या आविर्भावात टाकलेला संथ चेंडू) कधी पडे, कधी हवेत तरंगे. तिसऱ्या वर्षी एका रिलीव्हरच्या सौद्यात त्याचे नाव समोरच्यांनी मागितले तेव्हा माझ्या आकड्याच्या आधारे आमच्या क्लबने फारसा विचार न करता होकार दिला. समोरच्या संघाने त्याला चेंडू धरण्याची पद्धत थोडी बदलायला लावली आणि दोन वर्षांत तो त्यांच्या पहिल्या पाच पिचरांत होता. त्यानंतर कोणत्याही मुलाचे नाव समोरचा पक्ष आपणहून, दोनदा मागू लागला की माझे पहिले काम एकच असे: आपला जुना अहवाल बाजूला ठेवून त्याला पुन्हा एकदा बघायला जाणे.

आता कब्सकडे वळू. त्यांच्या बाबतीत मोजमाप अर्धवट नव्हते. टोरेस चांगला निघणार हे कब्सचा कारभार पाहणाऱ्या थिओ एपस्टाइन यांच्या कार्यालयाला माहीत होते. तो देशातल्या उत्तम होतकरूंत गणला जात होता आणि त्याच वर्षी अॅरिझोना फॉल लीगमध्ये त्याने एमव्हीपी मिळवून ते दाखवूनही दिले. त्यांनी उत्तम मुलगा उत्तम म्हणून ओळखून दिला आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या रिलीव्हरांतला सर्वांत दमदार हात मागून घेतला. सौदा महाग होता, पण डोळे उघडे ठेवून केलेला होता.

आणि त्या हाताचा त्यांनी अक्षरशः चोथा केला. नियमित हंगामात चॅपमनने कब्ससाठी २८ सामन्यांत १६ सेव्ह घेतले, म्हणजे इतक्या वेळा शेवटी आघाडी राखली, ईआरए १.०१. पण त्याची खरी गरज पडली वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सात सामन्यांच्या अंतिम लढतीत, क्लीव्हलँड ३–१ असे पुढे असताना. पाचव्या सामन्यात रिगली फील्डवर कब्स ३–२ ने पुढे होते. मॅनेजर जो मॅडन यांनी सातव्या इनिंगमध्ये एक बाद असताना त्याला बोलावले आणि उरलेले आठही फलंदाज त्यालाच बाद करायला लावले. ४२ चेंडू. सहाव्या सामन्यात ७–२ अशी भरपूर आघाडी असतानाही त्याला पुन्हा सातव्या इनिंगमध्ये आणले. हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना तो माऊंडवर आला तेव्हा कब्स ६–३ ने पुढे होते. ब्रँडन गायरच्या डबलवर एक धाव आली. मग राजाई डेव्हिस आला, ज्याने बॅट मुठीपासून कितीतरी वर धरली होती, जणू फक्त चेंडू अडवायचा आहे. चॅपमनच्या फास्टबॉलमधली धार त्या रात्री ओसरली होती. खाली आत आलेला चेंडू डेव्हिसने लेफ्ट फील्डच्या कुंपणापलीकडे टाकला आणि सामना ६–६ झाला.

लोक त्या होमरनपाशी थांबतात. मी तुम्हाला त्याच्या पुढची इनिंग पाहायला सांगेन. नवव्या इनिंगमध्ये तोच थकलेला पिचर परत आला आणि त्याने एकही धाव दिली नाही. ती इनिंग गेली असती तर पुढचा सतरा मिनिटांचा पाऊस, दहाव्या इनिंगमधला बेन झोब्रिस्टचा डबल, ८–७ असा विजय आणि १९०८ नंतरचे पहिले विजेतेपद, यांतले काहीच घडले नसते. तीन सामन्यांत चार दिवसांत ९७ चेंडू टाकून चॅपमन सातव्या सामन्याचा विजेता पिचर म्हणून नोंदला गेला. शेवटचा फलंदाज बाद केला माइक मॉन्टगोमेरीने, आणि तोही जुलै २०१६ मध्येच सिअॅटलकडून आणलेला होता. त्याच्यासाठी कब्सने प्रामुख्याने डॅन व्होगलबाक दिला होता, जो फक्त फर्स्ट बेसवर खेळू शकत होता, आणि फर्स्ट बेसवर अँथनी रिझो होता. नॅशनल लीगमध्ये तेव्हा डेझिग्नेटेड हिटरही, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा खेळाडूही, नव्हता. रांगेचा यापेक्षा स्वच्छ दाखला सापडणार नाही.

चॅपमनचा सौदा झाला त्याच आठवड्यात यांकीजनी मिलर क्लीव्हलँडला दिला आणि क्लिंट फ्रेझर, जस्टस शेफील्ड यांच्यासह चौघे घेतले. मिलरचा करार २०१८ पर्यंत होता, म्हणजे क्लीव्हलँडला एक नव्हे तर तीन ऑक्टोबर मिळत होते, आणि त्याने पहिल्याच ऑक्टोबरात अमेरिकन लीग चॅम्पियनशिप सिरीजचा (वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीचा) एमव्हीपी मिळवला. फ्रेझरला डोक्याच्या दुखापतीने घेरले आणि २०२१ अखेर यांकीजनी त्याला सोडले. शेफील्डला त्यांनी जेम्स पॅक्सटनसाठी सिअॅटलला दिले. निकाल पाहून बोलायचे तर क्लीव्हलँडने कब्सपेक्षा स्वस्तात जास्त मिळवले. पण जुलै २०१६ मध्ये फ्रेझर आणि टोरेस यांत कोण मोठा हे छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. दोघांना समोरासमोर ठेवून नंतर शहाणपण शिकवणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या तारखा सौद्यानंतरच्या असतात.

चॅपमनबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब प्रामाणिक होणार नाही. यांकीजनी त्याला डिसेंबर २०१५ मध्ये सिनसिनाटीकडून तुलनेने स्वस्तात घेतले, कारण त्याच्यावर घरगुती हिंसाचाराच्या आरोपाची चौकशी चालू होती. फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही, पण मेजर लीगने आपल्या नव्या धोरणाखाली त्याला २०१६ च्या सुरुवातीला ३० सामन्यांची बंदी घातली. सात महिन्यांत तोच खेळाडू चौपट भावाला गेल्यासारखा गेला आणि वर डिसेंबरात पाच वर्षांच्या ८ कोटी ६० लाख डॉलरच्या करारावर परत आला. बाजार म्हणून यांकीजचे कौतुक होते. पण त्या सवलतीचे कारण काय होते हे आठवले की मला ते कौतुक घशाखाली उतरत नाही.

रांगेचे गणित दरवेळी पुढे टिकतेच असेही नाही. ज्या रसेलमुळे टोरेस जास्तीचा ठरला, त्याच्यावर २०१८ अखेर त्याच धोरणाखाली ४० सामन्यांची बंदी आली आणि २०१९ नंतर कब्सने त्याला ठेवले नाही. बाएझ मात्र २०१८ मध्ये नॅशनल लीगच्या एमव्हीपी मतदानात दुसरा आला आणि २०२१ पर्यंत टिकला. म्हणजे दोघांतला एक उभा राहिला, आणि मधली फळी टोरेसवाचून ओस पडली असे म्हणता येत नाही. टोरेसही २०१९ च्या त्या उंचीवर राहिला नाही. २०२१ मध्ये त्याचे होमरन नऊ होते.

चॅपमनसाठी असा सौदा पुन्हा एकदा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. जून २०२३ च्या शेवटी टेक्सास रेंजर्सने त्याला कॅन्सस सिटीकडून घेतले, मुख्यतः कोल रॅगन्स या डावखुऱ्या पिचरच्या बदल्यात. रॅगन्सच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली होती. टेक्सासने त्याच वर्षी पहिले विजेतेपद मिळवले आणि रॅगन्स २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला. दोन्ही बाजू खूश राहाव्यात असा सौदा दुर्मिळ असतो, तो एकाच पिचरच्या नावावर दोनदा आहे. जुलै २०२५ मध्ये सॅन डिएगोने मेसन मिलरसाठी लिओ डी व्हरीस हा अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप दिला तेव्हा अनेकांनी डोक्याला हात लावला, पण मेसन मिलर भाड्याचा नव्हता. त्याच्यावर २०२९ पर्यंतचा ताबा मिळत होता. वर्षांच्या बदल्यात वर्षे, असा तो सौदा आहे. त्याचा निकाल लावायला अजून फार लवकर आहे.

आता मी सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या ३१ जुलै २०१७ कडे येतो. विजेतेपदानंतरच्या वर्षी कब्सच्या बुलपेनमध्ये पुन्हा फट पडली होती. डेट्रॉइटकडून त्यांनी जस्टिन विल्सन हा डावखुरा रिलीव्हर आणि अॅलेक्स अविला हा कॅचर घेतला. दिले हायमर कँडेलारियो आणि इसाक पारेदेस. कँडेलारियोच्या पुढे थर्ड बेसवर क्रिस ब्रायंट आणि फर्स्ट बेसवर रिझो, म्हणजे त्याला देणे अगदी रास्त. पण अठरा वर्षांचा पारेदेस साउथ बेंडच्या संघात, सर्वांत वरच्या पायरीपासून काही वर्षे दूर होता. त्याच्या पुढची रांग तोवर कशी असेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. तरीही तो जास्तीचा म्हणून जोडून दिला गेला. त्याच महिन्यात पिचर होजे किंतानासाठी एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ गेलेच होते, आणि एकदा कोठार उघडले की शेवटचे पोते मोजून देण्याचे भान राहत नाही, हे मी आमच्याही कार्यालयात पाहिले आहे. विल्सनची शिकागोत चेंडूवरची पकड सुटली, तो फलंदाजांना फुकट बेस देत राहिला आणि ऑक्टोबरातल्या अटीतटीच्या इनिंगांत त्याच्याकडे चेंडू फारसा गेलाच नाही.

पारेदेसने २०२३ मध्ये टँपा बेकडून ३१ होमरन मारले. कँडेलारियोला कब्सने त्याच वर्षी जुलैअखेर वॉशिंग्टनकडून दोन होतकरू देऊन परत आणले, आणि पुढच्या जुलैत पारेदेसलाही परत आणले, ज्यासाठी त्यांना क्रिस्टोफर मोरेल आणि दोन तरुण पिचर मोजावे लागले. चॅपमनसाठी दिलेल्या चौघांपैकी टोरेसचे नाव तुमच्या लक्षात राहिले, कारण त्या सौद्याच्या शेवटी विजेतेपद होते. विल्सनसाठी दिलेले दोघे मात्र सात वर्षांच्या आत शिकागोच्याच दारात, दुसऱ्यांदा पैसे मोजून आलेले होते.